जत्रेचा फोटो पुरावा कधी होतो?

यात्रा, लोकदैवतं, लोककला यांवर काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये ‘माहिती संकलनाची साधने’ या मथळ्याखाली एक ओळ हमखास सापडते: निरीक्षण, मुलाखत, छायाचित्रण. निरीक्षणावर अर्धं पान असतं, मुलाखतीची प्रश्नावली परिशिष्टात जोडलेली असते, छायाचित्रणाबद्दल मात्र अवाक्षर नसतं. मोबाईल खिशात आहे, यात्रेला जायचंच आहे, फोटो काय, निघतीलच, असा हिशेब असतो. मग प्रबंधाच्या शेवटी चार रंगीत पानं येतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘देवीची पालखी’.

हे फोटो सजावट म्हणून ठीक आहेत, पण पुरावा म्हणून उभे राहत नाहीत. फोटो पुरावा व्हायचा तर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कॅमेरा कुठे होता, वेळ कोणती होती आणि चौकटीबाहेर काय राहिलं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या यात्रांचे फोटो घेऊनच हे तपासू.

तुळजापूरचे तेच चार फोटो

इंटरनेटवर तुळजापूरचं नवरात्र शोधून बघा. रोषणाई केलेलं महाद्वार, अलंकार महापूजेतली देवी, पेटलेला पोत आणि उंचावरून टिपलेली गर्दी. फोटो शंभर बघा नाहीतर हजार, फिरून फिरून हे चारच. त्यातले काही खरोखर देखणे आहेत. पण संशोधनाच्या भाषेत हे सोयीचं सॅम्पलिंग झालं: जिथे उजेड, रंग आणि हालचाल, तिथे कॅमेरा.

उत्सवाचा पट याहून बराच मोठा आहे. घटस्थापनेच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीला, देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा अमावस्येपर्यंत चालते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा श्रमनिद्रा, ती थेट कोजागरीपर्यंत. सीमोल्लंघनाची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, पलंगही नगरकडूनच येतो. गादीसाठी कापूस पिंजला जातो. अशा जवळपास तीन आठवड्यांच्या चक्रातले मधले दहा दिवस तेवढे फोटोंत दिसतात. पालखीची वाट, कापूस पिंजणारे हात, देवी निजलेली असतानाचं गाव, हे फार कमी ठिकाणी सापडतं. केवळ उपलब्ध फोटोंवरून नवरात्राचं वर्णन लिहिणारा संशोधक उत्सवातल्या कष्टाचा भाग नकळत पुसून टाकतो आणि झगमगाट तेवढा ठेवतो.

‘अलोट गर्दी’ आणि लांबची लेन्स

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्यांचे फोटो दरवर्षी छापून येतात. रस्ता माणसांनी गच्च भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. गर्दी असतेच, प्रश्न ती किती याचा आहे, आणि इथे थोडं विज्ञान लागतं.

समजा, दोन माणसं एकामागे एक दहा मीटर अंतरावर चालली आहेत. पुढच्यापासून पाच मीटरवर उभे राहून फोटो काढला, तर मागचा माणूस पुढच्याच्या एक तृतीयांश दिसेल, कारण अंतरं पाच आणि पंधरा. आता शंभर मीटर लांब जाऊन झूम करा. अंतरं शंभर आणि एकशे दहा, म्हणजे मागचा माणूस पुढच्याच्या 91 टक्के दिसेल. दोघं एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतील. रस्ता तोच, माणसं तीच, बदलली ती फोटोवाल्याची जागा.

1960 च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी गर्दी मोजायची साधी रीत मांडली. वरून दिसणाऱ्या जागेचे चौकोन पाडायचे, काही चौकोनांतली डोकी मोजायची आणि क्षेत्रफळाने गुणायचं. सैल गर्दीत माणशी साधारण दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. त्यासाठी फोटो वरून हवा आणि जागेचं माप माहीत हवं. रस्त्यावर उभं राहून झूम करून काढलेल्या फोटोवरून आकडा काढता येत नाही. तो फोटो छापून खाली ‘लाखो भाविक’ लिहिलं, तर तो अंदाज लिहिणाऱ्याचा; फोटो त्याला साक्षीदार नाही.

वरून की बरोबरीने

मराठीत या दोन्ही नजरांची पुस्तकं आहेत. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या 2011 च्या पुस्तकातली वारीची हवाई छायाचित्रं गाजली. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे माणसांच्या बरोबरीने चालणाऱ्या नजरेचं काम. कुठलं श्रेष्ठ, यावर वाद घालण्यात संशोधकाचा फायदा नाही. आकाशातून वारीचा आकार कळतो, ती रस्त्याच्या वळणाशी कशी जुळवून घेते ते कळतं. कुणाची वळकटी कुणाच्या डोक्यावर आहे, मुक्कामाला चूल कोण पेटवतं, हे तिथून कळत नाही. त्यासाठी खाली उतरून चालावं लागतं, आणि चालताना एकूण आकार हरवतो.

माझं मत विचाराल, तर मानववंशशास्त्र, समाजशास्त्र, लोकसाहित्य यांत काम करणाऱ्याने भंडाऱ्यांच्या वाटेने जावं. पण माझा प्रश्न पाणी, कचरा, वाहतूक यांचा असेल, तर मी हवाई फोटोच मागेन. आधी प्रश्न ठरवायचा, मग कॅमेऱ्याची जागा. आपण बहुतेक जण उलटं करतो.

कॅमेऱ्यासाठी भरलेला उत्सव

हवाई बेटांवर वाइकीकीला 1937 मध्ये ‘कोडॅक हुला शो’ सुरू झाला. पर्यटकांना हुला नृत्याचे फोटो काढता यावेत म्हणून कोडॅकच्या तिथल्या अधिकाऱ्यानेच तो सुरू केला. कार्यक्रम दिवसाउजेडी, उघड्यावर होई. नर्तकी मोठी अक्षरं हातात धरून बेटांचं नाव लिहीत. 2002 पर्यंत हे चाललं. जगभरच्या अल्बमांत ‘हवाईची संस्कृती’ म्हणून पोचलेले कितीतरी फोटो या कार्यक्रमाचे आहेत. त्यांवरून हुलाचा अभ्यास करणारा प्रत्यक्षात फिल्म विक्रीचा अभ्यास करत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

आपल्याकडेही स्टेज, रोषणाई आणि सेल्फी पॉइंट आले आहेत. त्यांचेही फोटो काढा, तोही अभ्यासाचा विषय आहे. पण विधी कुठला आणि कॅमेऱ्यासाठी मांडलेला प्रसंग कुठला, हे नोंदवहीत वेगळं लिहा.

येरमाळ्याचा खडा

कळंब तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते. फोटोंत पालखी आणि गर्दी भरपूर. पण या यात्रेचं वेगळेपण आहे चुना वेचण्यात. पालखी आमराईकडे जाताना भाविक रानात वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात, आणि त्या चुन्याने मंदिराची रंगरंगोटी होते. कमी पावसाच्या मुलखातल्या काळ्या जमिनीत असे खडे तयार होतात हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. इथे जमिनीची ती घडण थेट विधीत आली आहे.

वाकलेल्या माणसांचा चेहरा दिसत नाही आणि खडा फोटोत उठून दिसत नाही, म्हणून हा क्षण ‘चांगला फोटो’ ठरत नाही. संशोधकाने नेमका तोच घ्यावा. तळहातावर खडा, शेजारी मोजपट्टी. दुसऱ्या फोटोत रान. तिसऱ्यात रानापासून पालखीपर्यंतची दिशा. तीन साधे फोटो, पण त्यांवर प्रकरण उभं राहतं.

ज्या क्षणी विचारता येत नाही

आराधिणी, पोतराज, जोगवा मागणाऱ्या बाया: कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात परडी. कॅमेरा तिकडेच वळतो. त्यांना विचारून फोटो काढता येतो, आणि विचारलंच पाहिजे. पण अंगात आलेल्या बाईला कसं विचारणार? त्या क्षणी संमती शक्यच नाही. हाच फोटो पुढे रील होतो, कुणी हसायला वापरतं, कुणी अंधश्रद्धेचा नमुना म्हणून. तिच्या गावातही तो पोचतो.

मला पटणारा नियम असा: अशा वेळी चेहरा घेऊ नये. घेतलाच, तर ती भानावर आल्यावर, सोबतच्या बायांसमोर फोटो दाखवून विचारावं, आणि ‘नको’ म्हणाली तर तिच्यासमोर खोडावा. यात चांगले फोटो हातचे जातील, तर जाऊ द्यावेत. तिची ओळख उघडी टाकून मिळालेली पदवी कुणालाच शोभत नाही.

ओळखपत्र

प्रत्येक फोटोसोबत इतकं लिहा: तारीख आणि तिथी दोन्ही, वेळ, कॅमेऱ्याची जागा आणि दिशा, कोण काय करतंय, संमती आणि चौकटीबाहेर काय होतं. तिथी का? घटस्थापना 2023 ला 15 ऑक्टोबरला होती, 2024 ला 3 ऑक्टोबरला, 2025 ला 22 सप्टेंबरला. तेवढ्या फरकात पाऊस, पीक, उजेड सगळं बदलतं. जागा का? नळदुर्ग आणि अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एकच, मंदिरं दोन. नुसत्या ‘खंडोबा’ या ओळीवरून देव कुठल्या गावी होता ते कळणार नाही. मूळ फाईल जपा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आतली नोंद गमावून बसतो. आणि जुने फोटो शोधताना ‘उस्मानाबाद’ही टाका, जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, जुन्या फाईलींचं नाही.

चौकटीबाहेरचं का लिहायचं, याला 2025 चं उदाहरण पुरेसं आहे. 22 सप्टेंबरला तुळजापुरात घट बसले. त्याच दिवसांत याच जिल्ह्यात परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला होता. शेतं पाण्याखाली होती, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागत होतं. पंचवीस वर्षांनी कुणी या नवरात्राचे फोटो उघडेल, तेव्हा त्याला महाद्वाराची रोषणाई दिसेल. त्या वर्षी कोण येऊ शकलं नाही, हे त्या फोटोत कुठेच नसेल. ते तुमच्या ओळीत असायला हवं, आणि पुराचा फोटो मिळाला तर तोही नवरात्राच्याच फोल्डरमध्ये ठेवायला हवा.