मुंगसाचे अनेकवचन

इंग्रजीतला तुमचा लाडका शब्द कोणता, असे कोणी विचारले की मी 'मंगूज' असे उत्तर देतो आणि विचारणारा हसतो. तीसएक वर्षे वर्डस्वर्थ-कीट्स शिकवण्यात घालवलेल्या माणसाने निदान 'डॅफोडिल' तरी म्हणावे, अशी त्याची अपेक्षा असते. पण डॅफोडिल मी कधी पाहिलेले नाही. मुंगूस मात्र आमच्या शाळेच्या मागच्या बांधावर दर पावसाळ्यात दिसते. शिवाय या एका शब्दापायी मला इंग्रजीचा इतिहास वाचावा लागला, एका जाड्या कोशाशी जन्माची मैत्री जडली आणि स्टाफरूममध्ये एक वाद पुष्कळ वर्षे पुरला. एवढे देणारे शब्द थोडे.

सुरुवात एका अर्ध्या गुणापासून झाली. तेव्हा मी साधा सहायक शिक्षक होतो. आठवीच्या सहामाहीत 'अनेकवचने लिहा' हा ठरलेला प्रश्न होता. गूज, फूट, टूथ, माऊस, आणि मुलांना अडवावे म्हणून शेवटी मंगूज. एका मुलाने 'मंगीज' लिहिले. मी लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला. पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. "सर, गूजचं गीज होतंय, मग मंगूजचं मंगीज का होत नाही?" मी म्हणालो, "तो अपवाद आहे." तो मान हलवून जागेवर गेला. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत या दोन्हींच्या जोडीला इंग्रजी-हिंदी अशा चार भाषांतून वाट काढणारे ते पोर. त्याने नियम शोधून काढला होता आणि मी त्याला नियम शोधल्याबद्दल दंड केला होता. 'अपवाद' हा शब्द आम्ही मास्तर लोक पुष्कळदा आपल्या अज्ञानावर पांघरूण म्हणून वापरतो, हे मला त्या संध्याकाळी जाणवले.

मग वाचायला बसलो. गूजचे गीज का होते, याचे उत्तर तेरा-चौदाशे वर्षे मागे आहे. जुन्या इंग्रजीत हंसाला 'गोस' म्हणत. त्याही आधीच्या अवस्थेत त्याच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'कारी प्रत्यय होता. पुढे 'इ' उच्चारायचा आहे म्हणून जीभ आधीच वर चढायची आणि मधला 'ओ' वाकून 'ए'कडे झुकायचा. कालांतराने प्रत्यय गळून पडला, वाकलेला स्वर तेवढा उरला. फूट-फीट, टूथ-टीथ, माऊस-माइस ही सारी त्याच घराण्यातली. मग हाऊसचे हाइस का नाही? कारण 'हूस' हा शब्द नपुंसकलिंगी, त्याला तो प्रत्यय कधी लागलाच नव्हता. एक घर हूस, दहा घरेही हूस. अंती 'स' कधी जोडायचा ते पुढच्या पिढ्यांनी ठरवले. गंमत म्हणजे 'बुक' या शब्दाला तो प्रत्यय होता. त्याचे जुने अनेकवचन टिकले असते तर आज आपली पोरे दप्तरात 'बीच' घालून शाळेत आली असती! म्हणजे ज्याला आपण लहर म्हणतो ते बहुतेक वेळा विसरलेले कारण असते.

मंगूज इंग्रजीत आला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस. स्वर वाकवणारी ती प्रक्रिया थंडावून तेव्हा हजार वर्षे होत आली होती. नव्याने आलेल्या पाहुण्याला 'स'वाचून दुसरा प्रत्यय मिळणे शक्य नव्हते. म्हणून मंगूजेस. पण त्या मुलाचा गोंधळही निराधार नव्हता. हंसाशी काडीचे नाते नसलेल्या या प्राण्याचे नाव साहेबाने हंसाच्या स्पेलिंगमध्ये बसवले होते. परका शब्द कानाला ओळखीचा वाटेपर्यंत मुरडायचा, ही खोड सगळ्याच भाषांना आहे. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चे आपल्या शिपायांनी 'हुकुमदार' केले, ते याच खोडीतून.

इंग्रजीत या खोडीला जे नाव मिळाले तेच माझ्या त्या जाड्या कोशाचे आहे: 'हॉब्सन-जॉब्सन'. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तो केला. बर्नेल १८८२ मध्ये वारले, कोश १८८६ मध्ये निघाला आणि विल्यम क्रुक यांनी भर घातलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा हा कोश. प्रत्येक शब्दाखाली जुन्या प्रवाशांचे, व्यापाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे उतारे सालवारीने दिलेले. एक शब्द पाहायला उघडावा आणि तासाभराने भलत्याच पानावर स्वतःला सापडावे, असा हा ग्रंथ आहे. यूलसाहेबांनी मार्को पोलोचा प्रवास संपादला होता. त्यामुळे त्यांची लेखणी कोशकाराची कमी आणि गप्पिष्ट प्रवाशाची जास्त आहे. कोश म्हणून हा दोष मानावा लागेल. वाचक म्हणून मला तो गुणच वाटतो.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली त्याचे नाव. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' म्हणून छाती पिटली जाते. गोऱ्या सोजिरांच्या कानाने त्या आक्रोशाचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले. शब्द कसे मुरडले जातात याचा नमुना म्हणून ते नाव चपखल आहे, हे मान्य. पण आमच्या जिल्ह्यात कित्येक खेड्यांतून मोहरमच्या पीरांपुढे हिंदू घरांतली माणसेही ऊद घालतात, नवस फेडतात. तिथे वाढलेल्या माणसाला कोशाच्या पाठीवर छापलेली ही गंमत पहिल्यांदा वाचताना गंमत वाटत नाही. दुसरी गोष्ट शब्दांच्या निवडीची. या कोशात आम्हा मराठ्यांचे काय आहे ते शोधत गेलो. चौथ आहे, पेशवा आहे, पेंढारी आहे, आणि आमच्या भीतीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी खणलेला 'मराठा खंदक' आहे. म्हणजे वसुली, लूटमार आणि ती चुकवण्याचा चर. साहेबाने जे भोगले किंवा जे वसूल केले, तेच त्याने टिपले. मराठी बाईच्या जात्यावरचा, चुलीपाशीचा शब्द त्याच्या कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता. कोश हा शब्दांचा असतो तसाच ऐकणाऱ्याच्या कानाचाही असतो, हे यूल-बर्नेल वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

अशा या वसुलीच्या गर्दीत एक घरगुती, परसातले जनावर आहे ते मुंगूस. ते तरी आपले, असे मी धरून चाललो होतो, कारण ऑक्सफर्डच्या कोशात मंगूजची व्युत्पत्ती स्पष्टपणे मराठी दिली आहे. मी ते पान उघडून स्टाफरूममध्ये फिरवलेसुद्धा. आमचे कानडीचे मास्तर जाणते गृहस्थ होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पान पाहिले आणि म्हणाले, "असू दे की ओ सर. मुंगूस तुमचं. पण आमच्यात मुंगुसी म्हणतात, ते कुठनं आलं म्हणायचं?" मी मोठ्या विश्वासाने हॉब्सन-जॉब्सन काढला. तिथे यूलसाहेब शब्द तेलुगू असल्याचे सांगून मोकळे झालेले! मराठीचा उल्लेख पाठोपाठ, दुसऱ्याच्या हवाल्याने. बर्नेल मद्रास इलाख्यातले, तंजावरला न्यायाधीश. त्यांचे कान दक्षिणेकडे वळलेले असणार, असा एक युक्तिवाद मी करून पाहिला. मास्तर नुसते हसले.

आमच्याकडे शब्द कोणाचा हा प्रश्न शब्दापुरता राहत नाही. १९५६ पासून इथे पाटी कोणत्या भाषेत, दाखला कोणत्या भाषेत, यावरून काय काय झाले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून मी तो वाद काही दिवस मिटवूनच ठेवला. पण मनातून जाईना. हिंदीत या प्राण्याला नेवला म्हणतात, संस्कृतात नकुल. उत्तरेच्या वाटेवर मुंगूस कुठेच नाही. तेलुगूत मुंगिस, कानडीत मुंगुसी आणि मराठीत मुंगूस. म्हणजे मूळ घर दक्षिणेत असावे, हे मला मान्य करावे लागले. तरीही ऑक्सफर्ड चुकते असे मला वाटत नाही. शब्द साहेबाच्या हातात कोणी ठेवला, याचे ते उत्तर देते. यूलसाहेब शब्दाचे माहेर सांगतात. हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडची निम्मी भांडणे ते एकच समजल्यामुळे होतात.

यानंतर मला जे सापडले ते कोणत्याही कोशात नव्हते, आपल्याच तोंडात होते. माणूस-माणसे, लाकूड-लाकडे, तसे मुंगूस-मुंगसे. मधला 'ऊ' अनेकवचनात गळतो. पण पोर्तुगिजांकडून आलेल्या काडतुसाचे पाहा. काडतूस-काडतुसे. कोणीही 'काडतसे' म्हणत नाही. फारसीतून आलेल्या बंदुकीच्याही बंदुका होतात, 'बंदका' होत नाहीत. उशिरा आलेल्याचा 'ऊ' ऱ्हस्व होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणजे गीज आणि मंगूजेस यांच्यात इंग्रजीने जो भेद केला, तोच मराठीने मुंगसे आणि काडतुसे यांच्यात केला आहे! मूळ दक्षिणेतले असेना का, मुंगूस मराठीत इतके जुने आहे की त्याचा स्वर आपण माणसाच्या स्वरासारखाच गिळतो. इंग्रजीच्या तऱ्हेवाईकपणाला वर्षानुवर्षे हसताना आपल्या घरात हाच कारभार चालू आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्या मुलाने निदान आपल्या आईच्या भाषेतली सवय इंग्रजीवर प्रामाणिकपणे चालवून पाहिली होती.

हे सगळे मी मास्तरांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "आमच्यात असला घोळ नाही," ते म्हणाले. "मुंगुसी, मुंगुसीगळु. गळु लावलं, झालं काम." मग जरा थांबून म्हणाले, "इंग्रजीत ते तीनशे वर्षांमागं गेलं म्हणता नव्हं? आणखी हजार वर्षं राहू द्या तिथं. होतंय मंगीज."

मास्तर निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली. हॉब्सन-जॉब्सनची शाळेची प्रत अजून कपाटात आहे. मुंगसाच्या पानावर समासात त्यांनी शिसपेन्सिलीने कानडी लिपीत 'मुंगुसी' लिहून ठेवले आहे आणि त्याखाली माझ्या अक्षरात मराठी. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, असे मी दर जूनमध्ये प्रार्थनेनंतर मुलांना बजावतो. ते पान मात्र मी कोणाला खोडू दिलेले नाही. कोणाला हा कोश वाचायचा असेल तर क्रुकचीच आवृत्ती घ्यावी, भर घातलेला भाग तिथे चौकोनी कंसात वेगळा दिलेला असतो. आणि सहामाहीत मंगूजचे अनेकवचन विचारायचेच असेल, तर 'मंगीज' लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापू नये, असे मी आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांना सांगून ठेवले आहे. त्यांना ते पटलेले दिसत नाही.