दासोपंतांची पासोडी आणि ‘सोपी’ भक्ती

भक्तीचा मार्ग सोपा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्ञानाला बुद्धी लागते, योगाला कसलेले शरीर लागते, आणि ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत त्याने भक्ती करावी, अशी एक वाटणी आपल्या मनात पक्की बसली आहे. आमच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात कीर्तनाहून परतणारी मंडळीही हेच बोलत घरी जातात. या समजुतीत भक्तीचा गौरव आहे असे वरवर वाटते. मला तीत भक्तीची हेटाळणीच दिसते. आणि ही समजूत खोटी पाडणारा ग्रंथकार आमच्या शेजारीच, अंबाजोगाईला, विसावला आहे. ते म्हणजे दासोपंत (1551–1615).

दासोपंत म्हटले की लोकांना आठवते ती बेदरची कथा. वडील दिगंबरपंत बादशाही अंमलदार. सरकारी भरणा थकला म्हणून कोवळा मुलगा ओलीस राहिला. मुदत संपता संपता दत्तात्रेय पाडेवाराच्या वेषात आले आणि रक्कम भरून त्याला सोडवून गेले. कथा गोड आहे, आणि दत्तभक्तांच्या घरी ती सांगितली जावी हेही योग्यच. पण या कथेत कष्ट सारे देवाचे आहेत, भक्ताने फक्त हाक मारायची आहे. सुटून आलेल्या त्या मुलाने पुढे आयुष्यभर काय केले, हे मात्र आपण विचारत नाही.

त्याने लिहिले. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरील टीका परंपरेने सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाचा अंदाज येईल. आणि अंबाजोगाईला जतन केलेली ती पासोडी! सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. पंचीकरण हा विषय काही रसाळ नव्हे. पाच महाभूते एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यांतून देह कसा घडतो, याचा तो हिशेब आहे. भक्ताला हा कोरडा हिशेब कशाला हवा होता?

माझ्या मते भक्तीचे मर्म इथेच आहे. देवाला ‘मी’ अर्पण करायचा, तर त्या ‘मी’त पृथ्वीचे किती, वायूचे किती, सवयीचे आणि अहंतेचे किती, हे आधी निवडून पाहायला हवे. निवडल्यावाचून केलेले समर्पण म्हणजे पुष्कळदा देवापुढे ठेवलेला मागण्यांचा कागदच असतो. याच अंबाजोगाईत समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’त जो विवेक सांगितला, तो दासोपंतांच्या भक्तीला परका नाही.

योगशास्त्रही वेगळे सांगत नाही. पतंजलींनी समाधीच्या उपायांत ईश्वरप्रणिधानाचा पर्याय दिला. तेवढ्यावर बोट ठेवून लोक म्हणतात, ही पाहा पळवाट. पण तेच प्रणिधान पुढे तप आणि स्वाध्याय यांच्या पंक्तीला बसवले आहे, हे ते पाहत नाहीत. गीतेच्या बाराव्या अध्यायाचेही तसेच. अव्यक्ताची उपासना देहधाऱ्याला अधिक क्लेशाची, एवढे आपण उचलतो. पण त्या वीसच श्लोकांच्या अध्यायात पुढे भक्ताची लक्षणे येतात: कोणाचाही द्वेष नाही, शत्रू-मित्र सारखे, निंदा-स्तुती सारखी. प्राणायाम दिवसातून दोन घटका करता येतो; भावकीतल्या बांधाच्या भांडणात द्वेष न करणे हा चोवीस तासांचा अभ्यास आहे. नाथपंथाची दीक्षा असलेल्या ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे एवढे सूक्ष्म वर्णन केले, आणि बाराव्यात भक्ताच्या या लक्षणांवरही त्यांची वाणी तितकीच रंगली, ती उगाच नव्हे.

आपली गफलत शब्दाची आहे. भक्ती सर्वांना खुली आहे, म्हणून ती आपण बिनकष्टाची समजलो. पंढरीची वाट कोणालाही मोकळी आहे. पण चालावे आपल्याच पायांनी लागते.

दासोपंतांत दोष नाहीत असे नाही. त्यांचा विस्तार वाचकाला दमवतो. ज्ञानेश्वर एका दृष्टान्तात जे उजळून टाकतात, त्यासाठी दासोपंतांना कितीतरी ओव्या खर्चाव्या लागतात. ‘अर्णव’ हे नाव त्यांनी सार्थ केले खरे, पण समुद्राचे पाणी ओंजळीने पिता येत नाही. म्हणूनच की काय, मराठी घरांत ज्ञानेश्वरी राहिली आणि गीतार्णव अभ्यासकांकडे गेला. रसिकांचा हा निवाडा मी अन्यायाचा म्हणणार नाही.

अन्याय दुसराच आहे. ज्याने अक्षर अक्षर मांडीत कापडाचा एवढा पट भरला, त्याला आपण केवळ चमत्काराचा धनी करून ठेवले. देव त्याच्यासाठी धावून आला, हे आपण मुलांना सांगतो. सुटल्यावर तो स्वस्थ बसला नाही, हेही सांगायला हवे. मला विचाराल तर बेदरच्या त्या रकमेची फेड त्याने या पासोडीवर केली.