दुसरा काटा : मतदानयंत्राच्या वादाची मराठी

‘हॅक’ या शब्दाला मराठीत अजून प्रतिशब्द रुजलेला नाही. त्याची निकडही फारशी कोणाला भासली नाही, कारण ‘सेटिंग’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता. बदलीची सेटिंग, टेंडरची सेटिंग, परीक्षाकेंद्राची सेटिंग अशी मजल मारत तो मतदानयंत्रापर्यंत आला. निकालानंतर आष्टी-कड्याच्या टपरीवर ऐकू येते ते ‘मशीन सेट केलंय’ हे वाक्य. त्यात कर्ता नसतो. कोणी, कुठे, कसे केले, हे विचारण्याची सोयच या वाक्यरचनेत नाही. दुसऱ्या बाजूचे वाक्यही तितकेच निराकार असते : ‘यंत्रात छेडछाड अशक्य आहे.’

यंत्र निर्दोष की सदोष, याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. गेली चार दशके चाललेला हा वाद कोणत्या शब्दांत चालला आणि त्या शब्दांमुळे मूळ प्रश्न कसा हातातून निसटत गेला, एवढेच येथे तपासायचे आहे.

या वादाचा पहिला न्यायालयीन निकाल शब्दार्थावरच लागला होता, हे आज फारसे आठवले जात नाही. १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर प्रथम यंत्राने मतदान झाले. कम्युनिस्ट उमेदवार सिवन पिल्लै १२३ मतांनी विजयी झाले आणि पराभूत ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरील मतदान रद्द केले. न्यायालयाच्या मते कायद्यातील मतपत्रिकेच्या तरतुदींत यंत्र बसत नव्हते. फेरमतदान कागदावर झाले आणि जोस निवडून आले. पुढे कायद्यात ६१-अ हे कलम घालून यंत्राला जागा करून देण्यात आली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोचले. यंत्र विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न त्या पहिल्या खटल्यात निर्णायक ठरलाच नव्हता.

तो प्रश्न पुढे आला २०१० मध्ये, आणि त्याचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, अमेरिकेतील प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गॉन्ग्राइप यांनी एका खऱ्या यंत्राची तपासणी करून निबंध प्रसिद्ध केला. निकाल दाखवणारा भाग बदलून हुबेहूब दिसणारा दुसरा बसवला आणि मोबाइलवरून त्याला आज्ञा दिली, तर आकडे बदलता येतात, हे त्यांनी दाखवले. ते यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी त्या ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना अटक केली. आठवड्याभराने त्यांना जामीन मिळाला.

या घटनेचे वाचन दोन्ही बाजूंनी अर्धवट केले. विरोधक म्हणाले, यंत्र हॅक होते. समर्थक म्हणाले, त्यांना यंत्र उघडावे लागले, म्हणजे हॅक झालेच नाही. प्रयोगाने सिद्ध झाले होते ते याहून नेमके : यंत्र काही काळ चुकीच्या हाती पडले, तर नंतर बाहेरून पाहून ते ओळखता येणार नाही. म्हणजे सुरक्षा केवळ चिपमध्ये नाही. कुलूप, सील, गोदाम, वाहतूक आणि नोंदवही यांतही आहे. ‘हॅक’ या एका शब्दात दुरून घुसखोरी, सुटे भाग बदलणे, कारखान्यातच आज्ञावली बदलणे आणि मोजणीच्या नोंदीतली चूक हे सारे आपण कोंबतो. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे एका शब्दाचा वाद कोणत्याच उपायापर्यंत पोचत नाही.

भूमिकाही स्थिर राहिलेल्या नाहीत. २०१० मध्ये यंत्रावर शंका घेणारे पुस्तक लिहिले ते भाजपचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी, आणि त्याला लालकृष्ण अडवाणींची प्रस्तावना होती. २०१७ च्या जूनमध्ये निवडणूक आयोगाने यंत्रात फेरफार करून दाखवण्याचे आव्हान दिले, तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट असे दोनच पक्ष आले आणि दोघांनीही प्रत्यक्ष प्रयत्न केला नाही. अंतर्गत भाग बदलण्याची मुभा मात्र आयोगानेही दिली नव्हती. शंका हरणाऱ्याची आणि श्रद्धा जिंकणाऱ्याची, अशी ही वाटणी आहे. पण शंका स्वार्थी असली म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि श्रद्धा सोयीची असली म्हणून ती पुरावा होत नाही.

समर्थकांचा आवडता युक्तिवाद असा, की यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, ते कॅल्क्युलेटरसारखे आहे. इराणमधील नतान्झचा अणुप्रकल्पही इंटरनेटपासून तोडलेला होता. तरी तेथे शिरलेला ‘स्टक्सनेट’ हा संगणकविषाणू २०१० मध्ये उघडकीस आला. शिवाय चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे बाहेरून भरावी लागतात. त्यामुळे कॅल्क्युलेटरची उपमा आता पूर्ण लागू पडत नाही. विरोधकांचा आवडता युक्तिवाद असा, की जगात काहीही हॅक होऊ शकते. जून २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी याच अर्थाचे विधान केले आणि आपल्याकडे ते आप्तवाक्यासारखे फिरले. परंतु ‘होऊ शकते’ आणि ‘झाले’ या दोन क्रियापदांमधले अंतर पुराव्याने भरावे लागते.

ते अंतर न भरता बातमी दिली की काय होते, हे त्याच सुमारास मुंबईत दिसले. वायव्य मुंबईत लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला होता. मोबाइलवर आलेल्या ओटीपीने मतदानयंत्र उघडले, अशी बातमी एका इंग्रजी दैनिकाने छापली. यंत्राला ओटीपी लागतच नाही. तो लागतो मोजणीचे आकडे संगणकप्रणालीत भरताना. दैनिकाने दिलगिरी व्यक्त केली, पण तोवर बातमी गावोगावी पोचली होती. याउलट त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने कागदावर मतदान घेऊन आकडे ताडून पाहायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते घडले नाही. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, आणि नंतर घेतलेले मतदान आधीचे खरे-खोटे ठरवूही शकले नसते. तरीही गावाची मागणी अडाणी नव्हती. त्यांना मोजून पाहायचे होते.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये मतदानयंत्रांविषयी जो निकाल दिला, त्याचा गाभा हाच आहे. मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत, असे ते न्यायालय म्हणाले. ‘आज्ञावली तज्ज्ञांना दाखवा’ ही आपल्याकडची मागणी रास्त असली, तरी ती पुरेशी नाही. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, आज्ञावली ओळ न् ओळ वाचूनही यंत्र प्रत्यक्षात काय करील याची खात्री देता येत नाही. मग भरवसा ठेवायचा कशावर?

याचे उत्तर ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कारखान्याच्या काट्याविषयी त्याला शंका असते. ‘काटामारी’ हा शब्द त्यानेच मराठीला दिला. पण तो काट्यातल्या चिपची चर्चा करत बसत नाही. शक्य असेल तर तो गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालतो आणि दोन पावत्या शेजारी ठेवतो. शेतकरी संघटनांचे भांडणही यासाठीच असते, की बाहेरून तोलून आणलेली गाडी कारखान्याने नाकारू नये. संगणकशास्त्रात रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये मांडलेले तत्त्व याहून वेगळे नाही : आज्ञावलीत न सापडलेली चूक असली, तरी तिच्यामुळे निकालात न सापडणारी चूक होता कामा नये. यंत्रावर विश्वास ठेवावा लागू नये, अशी व्यवस्था हीच खरी सुरक्षा.

आपला दुसरा काटा म्हणजे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिला बळ मिळाले. ती सात सेकंद दिसते. आकडा आणि चिठ्ठी यांत तफावत आली, तर नियमाने चिठ्ठी ग्राह्य धरतात. प्रश्न आहे तो किती गाड्या तोलायच्या याचा. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. समजा, एका मतदारसंघात ४०० केंद्रे आहेत आणि त्यांतल्या ४० ठिकाणी गडबड आहे. चिठ्ठी टाकून पाच केंद्रे निवडली, तर त्यांत एकही सदोष केंद्र न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ५९ आहे. राज्यभरचा व्यापक घोटाळा एवढ्या नमुन्यात सहसा लपणार नाही. एका मतदारसंघातला लपू शकेल. त्यातही विजय लाखाने असो वा ४८ मतांनी, केंद्रे पाचच. फरक जितका कमी तितका नमुना मोठा, हा साधा हिशेब अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून अमलात आणला आहे. आपल्याकडे २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा मार्ग मात्र खुला केला. ती तपासणी चिपची आहे. वाद पुन्हा चिपपाशीच आला.

कागदाचा काळ सुवर्णयुग होता, असेही मानण्याचे कारण नाही. केंद्र ताब्यात घेऊन शिक्के मारण्याचा वेग यंत्राने रोखला आणि बाद मतांचा मोठा ढीग संपवला. दुसरा काटा मागणे म्हणजे पहिला मोडीत काढणे नव्हे.

आणि आष्टीसारख्या भागासाठी एक नोंद. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारमधील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. टनावर मजुरी मिळणाऱ्या या माणसाला काट्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. जो फडातच राहिला, त्याचे मत यंत्रातही नसते आणि चिठ्ठीतही नसते. कोणत्याच काट्यावर त्याचे वजन होत नाही. यंत्राच्या वादात इतकी शाई खर्च करणाऱ्या आपल्या भाषेत या न पडलेल्या मतासाठी अजून ‘घोळ’सुद्धा म्हटले जात नाही.