खाज काढलेली शेवळं

गेल्या काही वर्षांत शहरांतून ‘फूड वॉक’ नावाचा प्रकार चांगलाच रुळला आहे. ठरलेले पैसे भरून दहा-बारा अनोळखी माणसे संध्याकाळी एका वाटाड्यामागे निघतात, पाच-सहा ठिकाणी थोडे थोडे खातात आणि प्रत्येक घासाबरोबर त्या पदार्थाची हकिगत ऐकतात. पर्यटनाचा एक धंदा म्हणून या प्रकाराबद्दल बरेच लिहिले जाते. मला त्याचा विचार कथनप्रकार म्हणून करायचा आहे. तोच मालपुवा, तीच फिरनी फेरीत न येता कितीतरी कमी पैशांत मिळते. वरचे पैसे आपण निवेदनाचे देतो. ज्या गोष्टीचे पैसे मोजले जातात तिची समीक्षाही व्हायला हवी.

या विचाराला निमित्त घरगुती होते. मुरबाडहून माळशेजच्या दिशेने जाताना टोकावड्याच्या अलीकडे एक ठाकूरवाडी आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाकडे शहरातल्या एका आयोजकाने प्रस्ताव पाठवला: पावसाच्या तोंडावर पाहुण्यांची एक तुकडी संध्याकाळी आणतो, रानभाज्या दाखवायच्या, रांधून वाढायच्या, वाटाड्या आमचा, त्याला बोलायला ‘माहिती’ तेवढी लिहून द्या. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, तेव्हा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अशी माहिती कशी सांगतात हे पाहावे म्हणून यंदाच्या मार्चमध्ये, रमजानच्या दिवसांत, मी मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या एका फेरीचे तिकीट काढले. मुरबाड ते कल्याण एसटी, पुढे लोकल, आणि साडेसहाला मिनारा मशिदीजवळ हजर.

आमचा वाटाड्या तरुण होता, तयारीचा होता. गर्दीत कुणाला हरवू देत नव्हता, खाणाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे रोखू देत नव्हता. तेव्हा पुढे जे म्हणतो आहे ते त्याच्याविषयी नाही, त्याच्या हातात असलेल्या संहितेविषयी आहे.

या संहितेची पहिली खूण म्हणजे उगमाचा हव्यास. प्रत्येक पदार्थाला एक माणूस, एक गाव आणि शक्यतो एक साल लागते. निहारी आली की नवाब येतो, फिरनी आली की इराण येते. वाटेत कुणीतरी वडापावची आठवण काढली, तर लगेच दादर स्टेशन, 1966 आणि अशोक वैद्य ही नेहमीची हकिगत निघाली. या गोष्टी खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. पण बटाटावडा आधीपासून होता, पावही होता. गिरणीच्या पाळीला जाणारा, उभ्या उभ्या खाऊ पाहणारा कामगार होता. एका नावावर गोष्ट बसवली की हा कामगार गोष्टीतून उतरतो.

हे काही आपल्याकडचेच नाही. या प्रकाराचा जगभर प्रसिद्ध नमुना म्हणजे स्पेनमधल्या शहरांतली संध्याकाळची तापास फेरी. ‘तापा’ म्हणजे झाकण. पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली पावाची किंवा मांसाची चकती, तीवरून हे नाव पडले असे सांगतात. तिथल्या दंतकथांतही राजा असतोच. एका कथेत तेराव्या शतकातला दहावा अल्फोन्सो आजारपणात दारूबरोबर थोडे थोडे खातो, आणि बरा झाल्यावर खाण्यावाचून दारू देऊ नये असा हुकूम काढतो. दुसऱ्या कथेत तेरावा अल्फोन्सो कादिसच्या किनाऱ्यावर असतो आणि वाऱ्याने उडणारी वाळू पेल्यात पडू नये म्हणून त्यावर मांसाची चकती ठेवली जाते. दोघांत सहाशे वर्षांचे अंतर आहे. एकाच पदार्थाच्या जन्माला दोन राजे चालतात, याचा अर्थ श्रोत्याला इतिहासापेक्षा राजा हवा आहे.

दुसरी खूण यापेक्षा महत्त्वाची वाटते. स्पॅनिश माणसांत ‘तापेओ’ नावाची रीत आहे: काम आटोपल्यावर सोबत्यांबरोबर एका बारमध्ये उभ्याने एखादी बशी खायची, पुढच्या बारकडे वळायचे, तिथली वेगळी बशी घ्यायची. फेरी या रीतीचा बाहेरचा आकार जसाच्या तसा उचलते. थांबे तेच, बशा त्याच. मागे राहतो तो आधीचा दिवस. मोहम्मद अली रोडवर मला हेच दिसले. पावणेसातच्या सुमारास अजान झाली, आणि समोरच्या फुटपाथवर ओळीने बसलेल्या माणसांनी खजूर तोंडात टाकला, शरबताचा पेला उचलला. त्यांच्या त्या घोटाला पहाटेपासूनचा दिवस होता. आमचा घोटही त्याच मिनिटाला, त्याच शरबताचा होता. पण आमच्यातल्या निम्म्यांनी चारला चहा-बिस्किटे घेतली होती. वाटाड्याने रोजाचा अर्थ दोन वाक्यांत नीट सांगितला. माहिती मिळाली, भूक मिळाली नाही. ती मिळणे शक्यही नव्हते. पण ती आपल्यापाशी नाही एवढे तरी निवेदनाने कबूल करावे, असे मला त्या क्षणी वाटले.

तिसरी खूण म्हणजे दूरचे सांगणे आणि जवळचे गाळणे. केशर कुठून आले ते कळले, गुलाबपाकळ्यांचे सरबत कुठून आले तेही कळले. ज्या पाण्यात ते कालवले होते त्याचा उल्लेख झाला नाही. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसा धरणातून येतो आणि ते धरण आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसाही तिथलीच, तो तलाव 1892 सालचा. याच शहापुरातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शरबताची गोष्ट सांगताना हे सारे सांगा, असा माझा आग्रह नाही. पण काय गाळले जाते याची एक दिशा असते, आणि ती दिशा बहुधा श्रोत्याला अवघड होईल त्या गोष्टीकडे असते.

त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला अर्धा मिनिट मात्र संहितेबाहेरचा होता. एका गाडीवर तांदळाच्या पांढऱ्या, जाळीदार, वाफवलेल्या वड्या होत्या, वर मलई. वाटाड्याने ‘रमजान स्पेशल’ म्हणून ओळख करून दिली. मी विक्रेत्याला विचारले, “सांदणच ना हे?” तो हसला. “सांदनच. तुम्ही कुठले?” मुरबाडचा म्हटल्यावर म्हणाला, “मग आपल्याच जिल्ह्याचे. आम्ही भिवंडीचे.” आई नारळाच्या दुधात पीठ भिजवायची, मी इथे एवढ्यांसाठी भिजवतो, असे सांगू लागला, तेवढ्यात पुढच्या थांब्याची हाक आली. कोकणी मुसलमानांचे घर, त्यांची मराठी, ठाणे जिल्हा आणि तो गाडा हे सगळे त्या एका शब्दात एकत्र आले होते. वाटाड्याजवळ हा शब्द नव्हता, आणि ज्याच्याजवळ होता त्याला बोलायला जागा नव्हती.

खाणाऱ्याने, रांधणाऱ्याने स्वतः बोलणे आणि तिऱ्हाइताने त्यांच्याविषयी बोलणे हा फरक मराठीला नवा नाही. पु. ल. देशपांडे ‘माझे खाद्यजीवन’मध्ये स्वतःच्या जिभेची जबाबदारी स्वतः घेतात, आवडीनिवडी, हट्ट, फजिती सगळे त्यांचे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातले पदार्थ येतात ते त्यांना भाग पाडणाऱ्या जातीसकट आणि टंचाईसकट. कृती आणि परिस्थिती तिथे वेगळी करता येत नाही. याच्या उलट टोकाला 1882 चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर आहे. त्यात ठाकूर, कातकरी यांची वर्णने आहेत आणि कोण काय खातो याच्या नोंदीही आहेत. ती लिहिणारा त्यांच्यातला नाही. त्याला ही माणसे एका उतरंडीत बसवायची आहेत. आजचा वाटाड्या कौतुक करतो, गॅझेटिअर प्रतवारी करत होते. हेतू वेगळे आहेत, पण ज्याच्या अन्नाविषयी चालले आहे तो दोन्हीकडे गप्प आहे.

एवढे सगळे पाहून, वहीत टिपून मी घरी आलो आणि जी माहिती लिहिली ती या सर्व दोषांनी भरलेली होती. हे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय वरची टीका फुकटची ठरेल. मी शेवळांपासून सुरुवात केली होती. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येणारा सुरणाच्या कुळातला हा कोंब. जांभळट आवरण, आत दांडा. मी लिहिले, ‘आदिवासींच्या आदिम ज्ञानाचा हा ठेवा.’ लिहिले, ‘औषधी गुणांनी परिपूर्ण.’ ऑगस्टात आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाज्यांचे जे महोत्सव भरतात, तिथल्या फलकांवर भाजीचे शास्त्रीय नाव आणि खाली औषधी उपयोग लिहिलेले असतात. माझी भाषा तिथूनच आली होती.

मे महिन्यात वाडीत जाऊन मी ते वाचून दाखवले. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. मग गटातली एक थोराड बाई म्हणाली, “गुरुजी, समदं चांगलं लिवलंय. पन यात खाज कुठं हाय?”

शेवळ खाजते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. नीट केले नाही तर घसा धरतो. निवडतानाच हात खाजतात. आवरण सोलायचे, दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि काकडाची आंबट फळे वाटून त्यांच्या रसात शिजवायचे. कुणी चिंच घालते, कुणी बोंडाऱ्याचा पाला. म्हणून बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा असतोच. कल्याणला स्टेशनाबाहेर बसणारी बाई दोन्ही घेऊन बसते, आणि मुंबई-ठाण्यातली सीकेपी गृहिणी दोन्ही घेतल्याशिवाय उठत नाही; मग ती त्यात कोलंबी घालते की खिमा, हा तिच्या घरचा प्रश्न.

पण बाईचा प्रश्न घशापुरता नव्हता हे पुढच्या बोलण्यातून कळले. दिवाळी झाली की आसपासच्या कातकरीवाड्यांतली कितीतरी घरे भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ठाकूरवाडीतही जूनपर्यंत कणगीतला भात तळाला जातो. नवा भात यायला दिवाळी उजाडते. त्या मधल्या काळात रान जे देते ते म्हणजे शेवळ, मग टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, करटोली. मी ज्याला ‘औषधी’ म्हटले ते त्यांचे जूनचे जेवण होते. रानात जायला कधीकाळी रखवालदाराचे भय होते; 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क कागदावर मान्य केला. माझ्या दोन पानांत भट्टी, कणगी आणि रखवालदार यांतले काहीच नव्हते. मी खाज काढून टाकली होती; शिजवून नव्हे, न लिहून.

आम्ही ठरवले की वाटाड्याच्या हाती अर्धे पानच द्यायचे: रस्ता, चिखल, पादत्राणे, पैसे. बाकी जिने जी भाजी आणली तिने ती सांगायची. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अकरा पाहुणे आले. बायका आधी लाजल्या, मग बोलल्या, मग एकमेकींना दुरुस्त करू लागल्या. एका पाहुण्याने विचारले, कल्याणला जुडी केवढ्याला जाते? तिने आकडा सांगितला, वर एसटीचे भाडेही सांगितले, आणि उरते किती ते तुम्हीच काढा म्हणाली. कुणी काही बोलले नाही. एका मुलीने सोललेल्या शेवळाला हात लावला आणि संध्याकाळभर बोटे चोळत बसली. भाजी मात्र सर्वांनी दुसऱ्यांदा घेतली.

हे यश म्हणून सांगत नाही. आयोजकाकडे नंतर जे अभिप्राय आले त्यांत दोघांनी ‘माहिती कमी मिळाली’ असे लिहिले, आणि ती तक्रार त्यांच्या बाजूने खरी आहे. त्यांनी सलग, ऐकायला गोड निवेदनाचे पैसे दिले होते. त्यांना पाच जणींचे तुटक बोलणे मिळाले, त्यातले अर्धे त्यांना कळले नाही. पुढच्या वर्षी पूर्ण संहिता द्या, तरच तुकड्या वाढवू, असा आयोजकाचा निरोप आहे. त्या एका संध्याकाळी गटाला मिळालेली रक्कम त्यांना स्टेशनाबाहेर बसून मिळवायला बरेच दिवस लागले असते. तेव्हा ‘खऱ्याखुऱ्या’ अनुभवाचा आग्रह धरून मी घरी स्वस्थ बसणे सोपे आहे. त्याची किंमत मला मोजावी लागत नाही.

गणपतीनंतर मी हा पेच गटापुढे ठेवला. दोघी म्हणाल्या, आमीच बोलू. तिघी म्हणाल्या, पैसे येत असतील तर लिहून द्या. ज्या बाईने खाजेचा प्रश्न विचारला होता ती या तिघींत होती. मला आश्चर्य वाटले तसे तिलाही माझे वाटले असावे. ती म्हणाली, “लिवा की गुरुजी. शेवळं काय कोन टाकून देतं का खाजतात म्हनून? काकडं घालायची.”

मी पुन्हा लिहायला बसलो आहे. या वेळी पहिल्या ओळीत राजा नाही, ‘आदिम’ नाही. वीटभट्टीवरून परतणारा टेम्पो आहे. वाटाड्या ती ओळ वाचेल की गाळेल, हे जूनमध्ये कळेल.