इंग्रजी शिकणारा विद्यार्थी आणि त्याची घरची भाषा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये मराठी शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. तत्पूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. खेड्यातील मुलाला शहरातील मुलाइतकीच संधी मिळावी, हा या निर्णयामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु पहिलीच्या वर्गात बसलेले प्रत्येक मूल घरी मराठी बोलते, हे त्यात गृहीत धरले गेले. या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
यवतमाळ जिल्ह्यात हे गृहीतक टिकत नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. गोंड समाजात गोंडी आहे, तर पुसद, दिग्रस परिसरातील तांड्यांवर गोरमाटी आहे. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील, तर गोरमाटी आर्यकुळातील भाषा होय. या मुलांपैकी ज्यांच्या घरी आजही या भाषा नांदतात, त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा ठरते. शिक्षक इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगतात, तेव्हा एका अपरिचित भाषेचे स्पष्टीकरण दुसऱ्या अर्धपरिचित भाषेतून होत असते.

याचे परिणाम सूक्ष्म असतात. मराठीत आई ‘ती’ आणि खुर्चीही ‘ती’; म्हणून मराठीभाषक मूल खुर्चीला ‘शी’ म्हणण्याचा संभव असतो. एमेनो यांनी १९५५ मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. या भाषेत एकवचनात पुरुषासाठी एक सर्वनाम, तर स्त्री, प्राणी व वस्तू यांच्यासाठी दुसरे, असा भेद आढळतो. साहजिकच कोलामी मूल आईला ‘इट’ म्हणू शकते. उत्तरपत्रिकेत दोघांच्याही शब्दाखाली सारखीच लाल रेघ पडते; चुकीची कारणे मात्र भिन्न असतात आणि उपायही भिन्नच हवेत. कारण न शोधता ‘अप्रगत’ हा शिक्का मारला, की भाषेचे अंतर हे बुद्धीचे न्यून ठरते. हा अन्याय होय.

तुलनेसाठी अमेरिकेतील ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हा १९७४ चा खटला पाहता येईल. सॅन फ्रान्सिस्को येथील चिनीभाषक मुलांना इंग्रजीसाठी वेगळे साहाय्य मिळत नव्हते. सर्वांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने मानले. पुढे तेथील शाळांतून घरच्या भाषेची विचारपूस ही पहिली पायरी ठरली. अर्थात तेथे इंग्रजी सभोवताली असते, पोडावर ती नसते. म्हणून आपल्याकडे साहाय्याची गरज अधिकच आहे.

आपल्याकडे तरतुदींचा अभाव नाही. घटनेच्या अनुच्छेद ३५०(क) मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय अपेक्षित आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण अपेक्षिले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकानाही आहे. मात्र ही नोंद दप्तरात राहते, अध्यापनाच्या नियोजनात उतरत नाही.

निष्कर्ष :
यावर उपाय खर्चिक नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांना तीन गोष्टी विचाराव्यात : आजी मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, मूल खेळताना कोणती भाषा वापरते आणि मराठी त्याने प्रथम कोठे ऐकली. त्यानंतर आरंभीचे काही महिने त्याच पोडावरील वा तांड्यावरील एखाद्या शिकलेल्या व्यक्तीचे साहाय्य घ्यावे. इंग्रजीचा आरंभ लेखनाऐवजी श्रवण व संभाषणाने करावा.

हा प्रश्न केवळ प्राथमिक शिक्षकांचा नव्हे. हेच विद्यार्थी पुढे आपल्या महाविद्यालयात अनिवार्य इंग्रजीच्या तासाला मागील बाकावर मौन धरून बसतात. त्यांना ‘कच्चे’ म्हणण्यापूर्वी त्यांची घरची भाषा कोणती, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.