ज्ञानेश्वरीची संहिता आणि पोथीचा पुरावा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकनाथांनी तिची संहिता शके १५०६ मध्ये शुद्ध केली. या २९४ वर्षांत नकलकारांच्या हातून भाषेची कोणती रूपे बदलली, हा भाषाभ्यासकापुढील खरा प्रश्न होय.

वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये, एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून, ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. हे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु पोथी जुनी म्हणून रूपे जुनी, आणि रूपे जुनी म्हणून पोथी जुनी, असे अनुमान चक्राकार होते. हे चक्र तोडू शकणारी मूळ पोथी पुढील संशोधकांस तपासणीसाठी उरली नाही. मुद्रित पाठ वाचता येतो. कागद, शाई, अक्षराचे वळण आणि खाडाखोड मुद्रणात उतरत नाहीत.

विद्यापीठीय ग्रंथालयाचे कर्तव्य येथेच सुरू होते. पोथीचे नाव व पत्रसंख्या एवढेच नोंदवणारी सूची अपुरी होय. लेखनकाल, लेखनस्थळ, नकलकार, गहाळ पत्रे आणि पुष्पिका यांची नोंद तीत हवी. छायाप्रत निराळ्या ठिकाणी ठेवलेली हवी. जयंतीच्या व्याख्यानांबरोबर पाठभेद ताडून पाहण्याचे वर्गही भरले, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यास पुराव्याचे मोल कळेल. एरवी व्याकरणकाराचा निष्कर्ष कितीही मार्मिक असला, तरी पोथीअभावी तो केवळ विश्वासाने स्वीकारावा लागतो.