किल्ल्याचा दरवाजा दिवसा उघडा असतो

फलटण तालुक्यातील एका शाळेत विज्ञान दिनाचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. एका तक्त्यावर शरीर म्हणजे किल्ला काढला होता. तटावर भाले घेतलेल्या पांढऱ्या पेशी, खालून चाल करून येणारे जंतू आणि वर ठळक अक्षरांत ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा!’ तक्ता समजावून सांगणाऱ्या मुलीला तिच्या मैत्रिणीने विचारले, “मग ताकातल्या जंतूंना हे मावळे मारत का नाहीत?” ती गोंधळली. “ते चांगले जंतू असतात,” असे सांगून शिक्षकांनी वेळ निभावून नेली.

प्रश्न फार चांगला होता, उत्तर मात्र अपुरे. जंतूच्या अंगावर ‘चांगला’ असा शिक्का नसतो. पांढऱ्या पेशी जंतू ओळखतात ते त्यांच्या आवरणातील रेणूंवरून, आणि निरुपद्रवी व रोगकारक जंतूंच्या आवरणांत असे कित्येक रेणू सारखेच असतात. म्हणजे पेशींना ताकातले जंतू दिसत नाहीत असे नाही. दिसूनही त्या हात आवरतात. तो कसा, हे किल्ल्याच्या तक्त्यात कुठेच नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

लढाईचे रूपक सर्वस्वी चूक नाही. विषमज्वराचा जंतू आतड्याची भिंत ओलांडतो तेव्हा खरोखरच लढाई होते. पण ती क्वचित. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांच्याशी रोज लढाई काढली तर शरीराचीच राखरांगोळी होईल. शिवाय त्यांची गरजही असते. ‘नारी सुवर्ण’ ही जुळी कोकरे देणारी मेंढी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केली; तिथल्या मुलांना हे मेंढीवरूनच सांगता येईल. मेंढीला कडबा पचतो तो पोटातल्या जंतूंच्या जिवावर. ते सगळे मारले, तर चाऱ्याच्या गंजीशेजारी उभी राहून ती उपाशी मरेल.

शरीर आपल्या पेशींना आवर घालते ते अनेक पातळ्यांवर. पहिली युक्ती साधी आहे: अंतर ठेवणे. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे दोन थर असतात. जीवाणू बाहेरच्या थरात नांदतात, आतला थर जवळजवळ जंतुविरहित असतो. दुसरी युक्ती ‘आयजीए’ या प्रतिपिंडाची. ते जंतूंना चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवते, पण सहसा दाह पेटवत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची: इतर पेशींना थोपवणाऱ्या नियामक टी-पेशी.

जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ साली अशा पेशींचा एक गट उंदरांत वेगळा ओळखून दाखवला. २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधले. ते बिघडले की उंदराच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतात. माणसात या बिघाडाने तान्ह्या मुलग्यांना जीवघेणा अतिसार आणि मधुमेह होतो. नियामक पेशी घडतात त्या याच जनुकामुळे, हे पुढे स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की आवर घालण्यात जंतूंचाही हात असतो. अन्नातला चोथा आंबवून आतड्यातील काही जीवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, आणि त्यामुळे नियामक पेशींची निर्मिती वाढते, हे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. उलट बाजूचा पुरावा त्याआधीचा, १९९३ सालचा. दाह शमवणारा ‘इंटरल्युकिन-१०’ हा संदेशवाहक रेणू ज्या उंदरांना बनवता येत नाही, त्यांची आतडी सुजतात. पण असेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित ठेवले, तर आतडी सुजत नाहीत. म्हणजे सुजेचे कारण शत्रूची चढाई नव्हे, तर रोजच्या शेजाऱ्यांशी काढलेले भांडण.

आता ‘शक्ती वाढवा’ ही घोषणा पुन्हा वाचा. ‘शक्ती’ म्हटले की जितकी जास्त तितकी चांगली, असे मनात ठसते. पण आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्या रुग्णाला डॉक्टर हा प्रतिसाद मंदावणारी औषधे देतात. ‘शक्ती वाढवा’ हेच शाळेत शिकलेला रुग्ण औषध सोडून ‘शक्तिवर्धक’ चाटण शोधू लागला, तर त्यात आपल्या तक्त्याचाही वाटा असेल. ‘रोगप्रतिकारक्षमता’ हा शब्द अधिक बरा, कारण कुठे थांबायचे हे कळणे हाही क्षमतेचाच भाग आहे.

तक्ता फाडून टाकायची गरज नाही. किल्ल्याचा दरवाजा दिवसा उघडा असे. बाजारकरी, गवळी, मोळीविके आत येत. पहारेकरी पाहत, पण भाला उगारत नसत. प्रत्येकावर तो चालवला असता, तर गड उपाशी पडला असता. मुलांना तटाबरोबर हा दरवाजा आणि भाला खाली करायला लावणारा हवालदारही काढू द्या. आणि तक्त्याच्या माथ्यावर घोषणेऐवजी त्या मुलीचा ताकाचा प्रश्न लिहा.